सस्पेन्शनचा बुश घरी बदलताना: बोल्ट आवळायचा कधी?

संशोधनाकडे वळणारे विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात. पेपरमध्ये एक लिहिलंय आणि कामाच्या ठिकाणी माणसं बरोबर उलटं करतात, तर खरं कोणाचं मानायचं? उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून या वेळी एक साधं उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत नेऊ. माझा पीएचडीचा विषय रबराचा थकवा, त्यामुळे उदाहरणही रबराचंच आहे: जुन्या गाडीच्या सस्पेन्शनमधला झिजलेला बुश घरी कसा बदलायचा, आणि त्यातल्या एका छोट्या नियमामागे केवढा मोठा प्रश्न दडलाय.

गाडी मारुती ८०० धरू. डिसेंबर १९८३ मध्ये ती रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज धावणारी प्रत्येक ८०० किमान दहा वर्षांची आहे आणि तिच्यातलं मूळ रबर म्हातारं झालेलं आहे. इथे लिहिलेलं बहुतेक सगळं पुढे मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या इतर जुन्या छोट्या गाड्यांनाही लागू पडतं.

बुश म्हणजे नेमकं काय

लोअर आर्मचं आतलं टोक जिथे बॉडीला जोडलेलं असतं, तिथे बुश बसतो. बाहेर लोखंडी नळी, आत लहान लोखंडी नळी आणि दोन्हींच्या मधे रबर. हे रबर दोन्ही नळ्यांना कारखान्यातच पक्कं चिकटवलेलं असतं. बाहेरची नळी आर्ममध्ये दाबून बसवतात, तर आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि ती बॉडीच्या ब्रॅकेटमध्ये घट्ट आवळली जाते.

आता नीट लक्ष द्या. बहुतेकांना वाटतं की बुश दरवाजाच्या बिजागरीसारखा फिरतो. तो फिरत नाही. बोल्ट आवळल्यावर आतली नळी बॉडीची होते आणि बाहेरची नळी आर्मची. चाक वर-खाली झालं की दोन नळ्यांमधलं रबर पिळलं जातं आणि चाक मूळ जागी आलं की पीळ सुटतो. कुठेच काही घासत नाही, म्हणून ग्रीस लागत नाही आणि आवाजही येत नाही.

इथे रबराच्या एका गुणधर्माचा फार हुशारीने वापर केलाय. रबराचा आकार बदलणं सोपं असतं, पण त्याचं आकारमान बदलणं जवळजवळ अशक्य असतं. त्याचा कर्तन गुणांक साधारण १ मेगापास्कलच्या आसपास असतो आणि आकारमान गुणांक सुमारे २००० मेगापास्कल. म्हणून दोन नळ्यांमधे कोंडलेलं रबर पिळायला मऊ असतं आणि दाबायला त्याच्या कितीतरी पट कडक. ब्रेक मारल्यावर चाक मागे सरकू नये, पण वर-खाली मात्र सहज व्हावं, हे दोन्ही एकाच तुकड्यात साधतं.

बुश गेलाय हे ओळखायचं कसं

लक्षणं सगळ्यांना माहीत असतात. स्पीडब्रेकरवर खडखड किंवा 'टक्' असा आवाज येतो, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते, टायर आतल्या बाजूने खातो, सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सारखं सावरावं लागतं. अडचण अशी की बॉल जॉइंट, टाय रॉड एंड किंवा स्ट्रटचं वरचं माउंटिंग गेलं तरी हीच लक्षणं दिसतात. लक्षण एक आणि कारणं चार, अशी परिस्थिती संशोधनात रोज येते. अशा वेळी आवडतं कारण निवडून कामाला लागायचं नसतं. एकेका कारणाला वेगळं पाडणारी चाचणी शोधायची असते.

बुशसाठी ती चाचणी अशी: गाडी स्टँडवर सुरक्षित ठेवून आर्म आणि ब्रॅकेटच्या मधे पहार घाला आणि हलकेच रेटा. चांगला बुश थोडा दबतो आणि परत येतो. गेलेल्या बुशमध्ये रबर धातूपासून सुटलेलं दिसतं, आतली नळी एका बाजूला बसलेली असते किंवा टकटक लागते. रबराच्या तोंडावर नुसत्या बारीक भेगा दिसल्या म्हणून बुश गेला असं नाही. वरवरच्या भेगा हे वयाचं लक्षण आहे, तर धातूपासून सुटणं किंवा खोल चीर हे निकामी झाल्याचं.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण 'निकामी' कशाला म्हणायचं हे संशोधकाला आधी ठरवावं लागतं. एक जण भेग ठराविक लांबीची झाली की आयुष्य संपलं असं मानतो, दुसरा कडकपणा ठराविक टक्के घटला की, आणि तिसरा नमुन्याचे दोन तुकडे झाले की. तिन्ही पेपरांत 'आयुष्य' हाच शब्द असतो आणि अर्थ तीन. पेपर वाचताना आधी ही व्याख्या शोधा. निकालाकडे त्यानंतर बघा.

काम सुरू करण्याआधी एक माप

गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर उभी असताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं उभं अंतर मोजा आणि वहीत लिहा. दोन्ही बाजूंचं. पाच मिनिटांचं काम आहे, पण शेवटी सगळं यावर अवलंबून राहतं. एकदा गाडी उचलली की हा आकडा पुन्हा मिळत नाही.

प्रत्यक्ष काम

हे काम जागच्या जागी, घाई न करता करायचं. यात जीवाचा धोका एकाच ठिकाणी आहे, तो आधी सांगतो: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. विटा आणि फरशीचे तुकडे तर अजिबात चालणार नाहीत, वीट अचानक फुटते.

१. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग उचला, बॉडीच्या मजबूत जागी जॅक स्टँड लावा आणि गाडी हाताने हलवून बघा. चाक काढून गाडीखाली सरकवून ठेवा, तेवढाच एक जादा आधार.

२. जुन्या बोल्टवर गंज असतोच. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. गोटी पाना वापरा, साध्या पान्याने कोपरे घासले जातात आणि मग दुप्पट काम वाढतं.

३. बॉल जॉइंट आणि स्टॅबिलायझर बार सोडवा. ८०० मध्ये हा बार आर्मला पुढे-मागे धरून ठेवण्याचंही काम करतो, त्यामुळे त्याच्या टोकाचे रबर आणि वायसर कोणत्या क्रमाने आणि कोणत्या तोंडाने बसलेत याचा फोटो काढून ठेवा. मग आतला बोल्ट काढून आर्म बाहेर घ्या. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये स्प्रिंग स्ट्रटवरच बंदिस्त असते, म्हणून आर्म काढल्यावर ती उसळत नाही. ज्या गाड्यांमध्ये स्प्रिंग थेट आर्मवर टेकलेली असते तिथे हे घरी करू नका.

४. जुना बुश काढायला शिकंजा पुरतो. एका बाजूला बाहेरच्या नळीपेक्षा किंचित लहान गोटी, दुसऱ्या बाजूला बुश आत मावेल एवढी मोठी गोटी, आणि हळूहळू आवळायचं. हलत नसेल तर जवळच्या लेथवाल्याकडे प्रेस असते, तिथे न्या. रबर जाळून काढायची पद्धत दिसते, ती टाळा. धूर विषारी असतो आणि आर्म विनाकारण तापतो.

५. आर्मचं भोक पॉलिश पेपरने साफ करा. नवा बुश बसवताना दाब बाहेरच्या नळीवरच द्यायचा. आतल्या नळीवर दिला तर सगळा जोर रबराच्या चिकटवलेल्या सांध्यातून जातो आणि नवा बुश बसण्याआधीच दुखावतो. सरकायला मदत हवी असेल तर साबणाचं पाणी लावा, इंजिन ऑइल किंवा ग्रीस नको. नैसर्गिक रबर आणि खनिज तेल दोन्ही हायड्रोकार्बन असल्याने तेल रबरात शिरतं, रबर फुगतं आणि कमजोर होतं.

६. आर्म परत जागेवर लावा. बॉल जॉइंटची स्प्लिट पिन आणि सेल्फ लॉकिंग नट नवे घ्या. आतला बोल्ट मात्र आत्ता फक्त हाताने टेकवून ठेवा. आवळू नका.

७. जॅक बॉल जॉइंटच्या खाली लावून आर्म हळूहळू वर उचला आणि वहीतलं अंतर जुळवा. गाडीचं स्टँडवरचं वजन सुटत नाही ना, यावर लक्ष ठेवा. अंतर जुळलं की मगच आतला बोल्ट टॉर्क रेंचने, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. कोणी वर्कशॉपच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर गाडी चाकांवर उभी करून आवळतात, ते अधिक चांगलं.

दोन्ही बाजू एकत्रच बदला, चाकांचं अलाइनमेंट करून घ्या आणि आठवडाभराने सगळे बोल्ट पुन्हा तपासा.

सातवी पायरी का? थोडं गणित

गाडी उचलली की चाक खाली लोंबतं. त्याच अवस्थेत बोल्ट आवळला तर काय होईल? समजा आतल्या नळीची बाहेरची त्रिज्या १० मिमी आणि बाहेरच्या नळीची आतली त्रिज्या १६ मिमी. आर्म ३०० मिमी लांब. (हे आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या बुशचे तुम्ही मोजा.) आर्म θ कोनातून फिरला तर आतल्या नळीलगतचं कर्तन विकारमान असं येतं:

γ = २θ ÷ (१ − १०²/१६²) ≈ ३.३ θ

इथे θ रेडियनमध्ये आहे. रोजच्या रस्त्यावर चाक ±२० मिमी हलतं असं धरा, म्हणजे साधारण ०.०६७ रेडियन, म्हणजे γ सुमारे २२ टक्के. उचललेल्या गाडीत चाक ७० मिमी खाली लोंबतंय असं धरा, तर कोन ०.२३६ रेडियन आणि γ सुमारे ७७ टक्के.

आता दोन बुश शेजारी ठेवा.

बरोबर आवळलेला: रोज −२२ ते +२२ टक्के. उभ्या गाडीत शून्य.

लोंबत्या चाकावर आवळलेला: रोज ५५ ते ९९ टक्के. उभ्या गाडीतही ७७. खड्ड्यात चाक ६० मिमी वर गेलं तर १४० टक्क्यांच्या पुढे.

हेलकाव्याची रुंदी दोन्हींत सारखीच, ४४ टक्के. फरक फक्त सरासरीचा. दुसऱ्या बुशला गाडी पार्किंगमध्ये उभी असतानाही सुट्टी नाही.

आणि इथे पेपर आडवा येतो

धातूंचा थकवा शिकलेला कोणीही म्हणेल, यात विचारायचं काय? सरासरी ताण वाढला की आयुष्य घटतं. व्योलर यांनी एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर केलेल्या कामापासून ही विद्या उभी राहिली, आणि गुडमनची रेषा आपण सगळ्यांनी परीक्षेत काढलेली आहे.

पण रबर धातू नाही. १९४० मध्ये कॅडवेल आणि सहकाऱ्यांनी नैसर्गिक रबराच्या थकव्यावर एक काम प्रसिद्ध केलं. हेलकाव्याची रुंदी तीच ठेवून त्यांनी किमान विकारमान वाढवत नेलं. धातूच्या हिशेबाने आयुष्य घटायला हवं होतं. ते वाढलं, आणि एका मर्यादेनंतरच पुन्हा घटू लागलं. सर्वांत वाईट अवस्था कोणती, तर दर फेरीत शून्यातून जाणारी. म्हणजे आपल्या 'बरोबर' आवळलेल्या बुशची!

कारण रेणूंच्या पातळीवर आहे. नैसर्गिक रबर खूप ताणलं की त्याच्या लांब साखळ्या एका दिशेत येतात आणि तिथे तात्पुरते स्फटिक तयार होतात. भेगेच्या टोकाशी ताण सर्वांत जास्त, म्हणून स्फटिकही तिथेच, आणि ते भेगेची वाट अडवतात. रबर पूर्ण सैल पडलं की स्फटिक वितळतात आणि पुढच्या फेरीत भेगेला थोडी संधी मिळते. रबर कधीच पूर्ण सैल पडू दिलं नाही तर पहारा कायम राहतो. याला ताणजन्य स्फटिकीकरण म्हणतात.

मग काय? सगळी वर्कशॉप मॅन्युअल चुकीची? गाडी लोंबकळत असतानाच बोल्ट आवळायचा?

नाही. पण 'नाही' म्हणण्याआधी कारणं द्यावी लागतात, आणि ती देता येणं हीच संशोधकाची खरी परीक्षा.

पेपर चुकलेला नाही, प्रश्न वेगळा आहे

*एक: वेळ.* प्रयोगशाळेतला थकव्याचा नमुना यंत्रावर अखंड हेलकावत असतो. गाडीचा बुश दिवसातला तास-दोन तास हलतो आणि उरलेला वेळ नुसता उभा असतो. त्या वेळात हवेतला ओझोन काम करतो. नैसर्गिक रबराच्या साखळीत दुहेरी बंध असतात आणि ओझोन ते तोडतो. सैल रबरावर याने भेगा पडत नाहीत, ताणलेल्या रबरावर पडतात. ७७ टक्के कर्तन म्हणजे तिरक्या दिशेत सुमारे ४५ टक्के ताण, तोही वर्षानुवर्षं. रबरात ओझोनरोधक रसायनं आणि मेण घालतात, पण ते कायम पुरत नाही.

*दोन: जागा.* प्रयोगातला नमुना बहुधा असा घडवतात की मधल्या भागात विकारमान सगळीकडे सारखं असावं. बुशमध्ये ते आतल्या नळीलगत सर्वांत जास्त असतं, आणि टोकाला रबर, धातू व हवा जिथे भेटतात तिथे आणखी वाढतं. तिथे आधी सुटतो तो चिकटवलेला सांधा. त्या सांध्याला स्फटिकांचा उपयोग नाही.

*तीन: पदार्थ.* स्फटिकीकरण नैसर्गिक रबराचा गुण आहे. स्टायरीन-ब्युटाडाईन रबरात साखळीची रचना अनियमित असल्याने तसं होत नाही. बाजारातल्या बुशच्या खोक्यावर आत कोणतं रबर आहे हे लिहिलेलं नसतं. शिवाय तापमान वाढलं की हा फायदा कमी होतो.

*चार: काम.* बुशचं काम फक्त टिकणं नाही. आधीच पिळलेला बुश स्प्रिंगसारखा चाकाला खाली ढकलत राहतो. गाडीची उंची आणि चाकांचे कोन बिघडतात. शंभर वर्षं टिकणारा पण गाडी वाकडी उभी करणारा बुश काय कामाचा?

म्हणजे कॅडवेल यांचा निष्कर्ष त्याच्या अटींमध्ये खरा आहे आणि मॅन्युअलचा नियम त्याच्या अटींमध्ये. दोघे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. एकाचा प्रश्न होता, अखंड हेलकाव्यात नैसर्गिक रबराची भेग कशी वाढते. दुसऱ्याचा आहे, उन्हापावसात दहा वर्षं उभी राहणारी गाडी सरळ कशी चालेल.

पॉलीयुरेथेनचं काय?

पॉलीयुरेथेनचे बुशही मिळतात. त्यांची बहुतेक रचना वेगळी असते: आतली नळी चिकटवलेली नसते, ती बुशमध्ये फिरते. पीळ नाही, म्हणून उंची जुळवून आवळण्याचा प्रश्नही तितका उरत नाही. बदल्यात घर्षण आलं, सोबत दिलेलं ग्रीस लावावं लागतं, नाहीतर चरचर वाजतात. रस्त्याचा खडबडीतपणाही आत जास्त जाणवतो. नियम उचलताना त्यामागची रचना तीच आहे का, हे बघायचं ते यासाठी.

तुमच्यासाठी गृहपाठ

संशोधन आराखडा लिहायची तयारी करत असाल तर हा प्रश्न घ्या: सरासरी पिळाचा बुशच्या आयुष्यावर काय परिणाम होतो? रस्त्यावरच्या गाडीवर हा प्रयोग करायचा नाही, तिथे माणसं बसतात. टेबलावर करा. एकाच बॅचचे बुश घ्या आणि किमान चार गट पाडा: सरासरी शून्य, सरासरी ७७ टक्के, आणि हेच दोन गट आधी ओझोनमध्ये ठेवून. थकव्याच्या आयुष्याचे आकडे खूप पसरलेले असतात, त्यामुळे एका गटात एक-दोन नमुने घेऊन काहीच सिद्ध होत नाही, आणि आलेख लॉग मापावर काढावा लागतो. भरण घातलेलं रबर पहिल्या काही फेऱ्यांत मऊ पडतं, याला मलिन्स परिणाम म्हणतात. म्हणून मोजणीआधी प्रत्येक नमुन्याला सारख्याच फेऱ्या द्या. आणि सर्वांत आधी, पहिल्या पानावर, 'निकामी' म्हणजे काय ते लिहा.

हे लिहिताना स्वतःला एक प्रश्न विचारत राहा. माझ्या प्रयोगात कोणत्या अटी आहेत, आणि त्यातल्या कोणत्या खऱ्या गाडीत नाहीत? गाईडसमोर बसल्यावर पहिला प्रश्न बहुधा हाच येतो.

पुढच्या लेखात फाटण्याच्या ऊर्जेकडे वळू. रिव्हलिन आणि थॉमस यांनी १९५३ मध्ये मांडलेली ही कल्पना समजली की भेगेचं टोक न बघताही भेग किती वेगाने वाढेल याचा अंदाज कसा बांधतात ते कळेल. तोपर्यंत कोणाच्या घरी जुनी गाडी असेल तर मडगार्ड ते चाकाचा मध्य हे अंतर दोन्ही बाजूंना मोजून बघा. दोन्ही आकडे सारखे येतात का?